तेराव्या भागात काय झालं

रविवारी सकाळी आमच्या नळाला नऊ ते दहा पाणी यायचं, आणि टीव्हीवर ती मालिकाही नऊलाच लागायची. माझ्या तक्रारीचं मूळ एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याच्यावर चढत गेलं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. लग्न होऊन मी डोंबिवली पूर्वेला आलेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरची खोली आणि स्वयंपाकाची. घरात नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि मी. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेलं आणि कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलेले. आठवडाभर मुलांना भिंगं आणि लोलक काढून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत कपाटात ठेवायचे. काम कंटाळवाणं होतं, पण विषय आवडीचा होता. त्यामुळे अंतराळावरची इंग्रजी मालिका सुरू होणार असं पेपरात वाचलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल. तो कोणाला दिसला नाही, कारण मी तेव्हा पोळ्या लाटत होते.

मालिका तेरा भागांची होती. दोन ग्रहांच्या मधल्या वाटेवर दुरुस्तीचा एक तळ असतो. बिघडलेली यानं तिथे येऊन लागतात. एक मध्यमवयीन बाई तिथली मुख्य इंजिनिअर, हाताखाली चार माणसं. दर भागात एक यान यायचं, त्यात एक बिघाड असायचा आणि यानातल्या लोकांनी काहीतरी लपवलेलं असायचं. बाई हत्यारांची पेटी घेऊन आत शिरायची आणि बिघाडाबरोबर ते लपवलेलंही बाहेर काढायची.

हे मी इतकं नीट सांगू शकते, कारण मी ते ऐकलंय. बघितलं असं म्हणता येणार नाही. नऊला नळ वाजायला लागायचा. दोन पिंपं, चार कळशा, न्हाणीघरातलं घंगाळ भरायचं. ते होईतो पोह्यांचा कांदा चिरायचा. मध्ये चहा. पदर खोचून मी दाराशी दोन मिनिटं उभी राहायची, तोवर पिंप वाहायला लागायचं.

बाहेरच्या खोलीत मात्र बैठक असायची. दिराचे दोन मित्र दर रविवारी यायचे. एक ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याची आई बाजारात मासळी विकायला बसायची, आणि तो स्वतः माजिवड्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होता. दुसरा आंबिवलीचा, दिराबरोबर ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, बोलायला कमी. तो मांडीवर वही घेऊन बसायचा आणि प्रत्येक भागाबद्दल लिहून ठेवायचा. ठाण्याच्या मित्राच्या घरी टीव्ही नव्हता. आंबिवलीच्या घरी होता, पण त्याच्या वडलांना नेमकं त्याच वेळी दुसरं काहीतरी लावायचं असायचं. म्हणून सगळे आमच्याकडे. सासूबाई खाटेवर भाजी निवडत बसायच्या, नवरा पेपर वाचायचा.

दहाला भाग संपायचा आणि वाद सुरू व्हायचा. विषय दर वेळी एकच. ही मालिका परत बघण्यासारखी आहे का?

ठाण्याचा मित्र ठाम होता. "मासा खाल्ला, काटा परत कोन चघळतो? काय लपवलंय ते कळलं का खेळ खलास."

दिराला ते पटायचं नाही. त्याला यानं बघायची असायची. तळाची रचना, नळ्या, झडपा, दारं कशी सरकतात. "एकदा बघून तुला काय दिसलं? मागच्या भिंतीवरचा नकाशा दिसला? प्रत्येक भागात बदलतो तो. ते दुसऱ्यांदाच दिसणार."

आंबिवलीचा म्हणायचा, सरसकट काही सांगता येत नाही. त्याने वहीत खुणा केलेल्या. तिसरा भाग परत बघण्यासारखा, चौथा नाही, पाचवा अर्धा. या खुणांवरून पुन्हा अर्धा तास जायचा.

त्या काळात परत बघायची सोय कोणाकडेच नव्हती, ही गोष्ट वेगळी. भाग एकदा गेला की गेला. तरी हे तिघं असे भांडायचे की जणू कपाटात तेरा कॅसेटी रांगेने लावून ठेवल्या आहेत.

माझं डोकं कशाने फिरायचं सांगते. शास्त्राचं काही अडलं की हाक मला. "वहिनी, वजन नसेल तर पेल्यातलं पाणी पेल्यात राहील का गं?" मी ओट्याशी उभी राहून सांगायची, राहणार नाही, गोळा होऊन तरंगेल. "बघ, मी म्हटलेलं," दीर म्हणायचा, आणि वाद पुढे. पेल्याचं काय झालं, कोणाच्या हातात होता, का विचारलं, हे मला कोणी सांगायचं नाही. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "ते बघायला पाहिजे, वहिनी. सांगून मजा नाही."

सातव्या की आठव्या भागानंतर ठाण्याच्या मित्राने पोह्यांची बशी घेता घेता मलाच विचारलं, "वहिनी, तुम्ही बोला. तुम्ही बघाल परत?"

मी काही बोलणार एवढ्यात तोच म्हणाला, "पन तुम्ही बघता कुठे. तुम्ही तर ऐकता."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. जे दिसत होतं ते तो बोलला. पण मला ते इतकं लागलं की मी आत जाऊन उगाच भांडी आपटली. नवऱ्याने बाहेरून विचारलं काय पडलं, मी काही नाही म्हटलं. मग त्याला एकट्याला गाठून सांगितलं, की रविवारी एक तास पिंपं तू भर, मला पूर्ण भाग बघायचाय. त्याने पेपर खाली केला.

"एवढं काय आहे त्यात? परत लागेल की कधीतरी."

"आणि नाही लागला तर?"

"तर नाही लागला," तो म्हणाला. पुढच्या रविवारी मात्र त्याने खरंच पिंपं भरली. एक भरलं, दुसरं अर्ध्यावर सोडून दाढी करायला बसला, चहा-पोह्यांपायी मला भाग अर्धाच दिसला, आणि सोमवारी अंघोळीला पाणी पुरलं नाही. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या रविवारी मी न सांगता नळाशी उभी राहिले.

शेवटचा भाग मात्र सोडायचा नाही असं मी ठरवलं. शनिवारीच भाजी चिरून ठेवली, डाळ शिजवली, कॉलेजातून लवकर निघून पोह्यांऐवजी शंकरपाळे आणि चिवडा आणून ठेवला. शेजारणीला सांगितलं, तुझ्याकडे भर जास्तीच्या दोन कळशा, मी नंतर नेते. रविवारी पावणेनऊला मी अंघोळ करून, केस विंचरून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. दीर म्हणाला, "आज वहिनी प्रेक्षकांत." सगळे हसले, मीही हसले.

नऊला मालिका सुरू झाली. नऊ वाजून दहा मिनिटांनी दारावरची बेल वाजली. टिटवाळ्याहून मामेसासरे आलेले, सोबत मामी आणि त्यांच्या सूनबाई. न कळवता. देवाचा प्रसाद द्यायला आलो, म्हणाले, आणि जेवूनच जाऊ. पाव्हण्यांसमोर चिवडा ठेवून चालणार नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मी उठले. पुऱ्यांची कणीक मळायला घेतली.

शेवटची दहा मिनिटं मी तापलेल्या तेलासमोर होते. बाहेरून आवाज येत होता. ती बाई कोणाला तरी सांगत होती, शेवटचं यान निघतंय, तळ बंद होणार आहे, सगळ्यांना परत बोलावलंय. मग बराच वेळ बोलणं नाही, नुसतं संगीत. मी झारा हातात घेऊन दारापर्यंत गेले. पडद्यावर सरकतं दार बंद होत होतं आणि बाईची पाठ दिसत होती. मागे पुरी करपल्याचा वास आला. मी वळले. करपलेली पुरी काढून, उरलेल्या तळून परत आले तेव्हा पोरांचा गलका चाललेला आणि पडद्यावर नावं वर चालली होती.

पाव्हण्यांची पानं वाढून झाल्यावर मी तिघांना विचारलं, "गेली का राहिली?"

"गेली," ठाण्याचा म्हणाला. "दार लागलं ना. यानात बसली."

"काय बोलतोस," दीर म्हणाला. "दार यानाचं नव्हतं, तळाचं होतं. ती आत राहिली."

मी आंबिवलीच्या मित्राकडे बघितलं. त्याने वही उघडली. त्याने लिहिलेलं, शेवट स्पष्ट दाखवलेला नाही.

मी तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. तिघे शेजारी शेजारी बसून, एकाच वेळी, एकच टीव्ही बघत होते. कोणाला पाणी भरायचं नव्हतं, कोणाच्या पुऱ्या नव्हत्या.

"मग परत बघायला हवंच ना," मी म्हटलं. "तेरा आठवडे काय भांडताय? तुम्हाला एकदाच बघून एवढंसं कळलेलं नाही."

"मला कळलंय," ठाण्याचा म्हणाला. "गेली ती."

मग जे भांडण झालं ते आधीच्या कुठल्याही रविवारपेक्षा मोठं होतं. दीर त्याला आंधळा म्हणाला. तो दिराला म्हणाला, तू यानाच्या नळ्या मोजत बस. मामेसासऱ्यांनी जेवता जेवता विचारलं, कोणाचं भांडण चाललंय, कोणाच्या घरातली बाई गेली? त्यानंतर ठाण्याचा मित्र दोन महिने आमच्याकडे फिरकला नाही. बैठक पूर्वीसारखी पुन्हा कधी भरलीच नाही.

मी मात्र तिथेच अडकले. शेवट कळत नाही म्हणून झोप उडाली असं काही नाही, पण भाजी फोडणीला टाकताना, लोलक मोजताना मध्येच आठवायचं. गेली असेल तर का गेली, राहिली असेल तर एकटी काय करणार. एक दिवस कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की ठाण्यात व्हिडिओ लायब्ररी आहे, तिथे काही लोक टीव्हीवरचं टेप करून आणून ठेवतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले.

लायब्ररीवाल्याने नाव ऐकून मान हलवली. "मालिका परत कोण नेतं, ताई? पिक्चर घ्या. नवीन आलेत."

मी हलले नाही. तेव्हा त्याने सांगितलं की माजिवड्याला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे व्हीसीआर आहे, आणि ते सगळं टेप करतात. पत्ता कागदावर लिहून दिला. बस पकडून मी माजिवड्याला गेले. हायवेच्या अलीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर ते राहत होते. सज्जन माणूस. अनोळखी बाई दारात उभी राहून तेराव्या भागाचं विचारतेय, याचं त्यांना नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

"आहे की," ते म्हणाले. "शेवटचे चारही भाग आहेत. बसा."

त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. त्यांनी कॅसेट लावली. सुरुवातीचं संगीत आलं, काळं आकाश आलं, तळ दिसला. मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. पाच मिनिटं झाली असतील. पडदा थरथरला, मुंग्या आल्या, आणि एकदम झेंडूच्या माळा लावलेला पाळणा दिसायला लागला. बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या. कोणीतरी बाळाच्या कानात कुर्र करत होतं.

गृहस्थांनी पत्नीकडे बघितलं. पत्नी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, ती जुनी कॅसेट घे. नातीच्या बारशाच्या दिवशी दुसरी रिकामी होती कुठे?"

ते खूप ओशाळले. पुन्हा पुन्हा माफी मागत होते. मी काही हरकत नाही म्हटलं, नात गोड आहे म्हटलं, आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. तिथे मला रडू आलं. एका मालिकेसाठी बसस्टॉपवर रडणारी बाई म्हणजे किती हास्यास्पद, हे मला कळत होतं, त्यामुळे आणखीच राग आला. घरी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. दीर लग्न करून पुण्याला गेला. ठाण्याचा मित्र आणि तो पुन्हा बोलायला लागलेले, पण लग्नकार्यापुरते. सासूबाईंचे गुडघे गेले, त्या दिवसभर खाटेवर टीव्हीसमोर असायच्या. केबल आलेली, वाहिन्या मोजता येऊ नयेत इतक्या. आणि एका बुधवारी मी कॉलेजातून आले तर सासूबाई सहज म्हणाल्या, "ते तुमचं यानांचं लागलंय आज. हिंदीत बोलतात आता."

मला पहिल्यांदा खरं वाटलं नाही. रोज दुपारी दोनला, शनिवार-रविवार सोडून. दुपारी दोनला मी कल्याणला, मुलांच्या प्रॅक्टिकलमध्ये. कॅलेंडरपुढे उभी राहून मी दिवस मोजले. तेरावा भाग शुक्रवारी येत होता. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे वीज जाण्याचा दिवस. दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी जायची, कधी बाराला यायची, कधी चारला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अजून तेच?" तरी त्याने ओळखीच्या कोणाकडून व्हीसीआर मिळतो का ते विचारलं, हे कबूल करायला हवं. मिळाला नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी दहाला वीज गेली. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, मुलगी शाळेत गेली. दीड वाजला. पंखा बंद, टीव्ही काळा. सासूबाई हातपंख्याने वारा घेत होत्या. मी उगाच बटणं वर-खाली करत होते.

"बस गं जरा," त्या म्हणाल्या. "तू बटणं दाबून येणारे का ती?"

पावणेदोनला वीज आली. मी खुर्ची ओढून बसले. दार लावून घेतलं, बेलची वायर काढून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मालिकेचा एक भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार होते. हिंदीतले आवाज विचित्र होते. बाईचा आवाज तर अगदीच कोवळ्या मुलीचा दिलेला. तळ पुठ्ठ्याचा वाटत होता. दिराच्या त्या नळ्या म्हणजे रंगवलेले पाइप होते, सरळ कळत होतं. मी चिडले. याच्यासाठी नऊ वर्षं? पण उठले नाही.

शेवटचं यान निघायची वेळ आली. बाई दाराशी उभी. संगीत सुरू झालं. आणि शेजारून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता ती आत जाऊन जेवायला बसेल बघ."

मी त्यांच्याकडे वळले. "काय म्हणालात?"

"अगं, बघ समोर."

मी समोर बघितलं. दार लागलं. बाईची पाठ, ती मला आठवत होती तशीच. यान दूर गेलं. बाई रिकाम्या तळातून चालत आत आली, हत्यारांची पेटी खाली ठेवली, हात धुतले, डबा उघडला आणि टेबलाशी बसून सावकाश जेवायला लागली. कोणी हाक मारत नव्हतं, कुठली घंटा वाजत नव्हती. अर्धं जेवण होईतो कॅमेरा तिच्यावरच होता. मग नावं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"तेव्हा बघितलं की. पाव्हणे आले त्या दिवशी. मी इथेच तर बसलेले, शेंगा सोलत."

"आई, अहो, ती पोरं तेव्हा त्याच्यावरून हातघाईवर आलेली. मी माजिवड्यापर्यंत जाऊन आले. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही सगळी एकमेकांना विचारत होतात. इंग्रजी कळत नाही म्हातारीला, तिला काय विचारायचं." त्यांनी हातपंखा बाजूला ठेवला. "त्या पोरांचं दार लागताच भांडण सुरू झालं. समोर कोण बघत होतं? आणि मला वाटलं, तू आत होतीस तरी तुला ठाऊक असेल. तुला सगळं ठाऊक असतं."

मला राग आला. त्यांचा आला, त्या तिघांचा आला, पण सगळ्यात जास्त माझा मला. नऊ वर्षं एकाच घरात, एकाच पातेल्यातलं वाढून घेत होतो, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. ठाण्याचा मित्र मला म्हणालेला तुम्ही बघता कुठे, आणि मी सासूबाईंना तेवढंही म्हटलेलं नव्हतं. त्या बघतात हेच माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. वर, ज्याच्यासाठी मी बेलची वायर काढली तो शेवट त्यांनी मला अर्धं मिनिट आधी सांगून टाकलेला.

तरी एक सांगते. माहीत असूनही ती बाई जेवायला बसली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून तिचा घास न् घास बघितला. जेवताना ती एकदाही मागे वळून बघत नाही.

संध्याकाळी मी दिराला पुण्याला फोन लावला. "अरे, ती राहते. जेवायला बसते. तुझं बरोबर होतं, पण जेवण तूही बघितलं नाहीस."

"कोण गं, वहिनी?"

"ती इंजिनिअर. तेरावा भाग."

"अच्छा, ती मालिका होय," तो म्हणाला. "आठवत नाही गं आता नीट. नकाशा होता ना मागे काहीतरी?" मग त्याने आईच्या गुडघ्यांचं विचारलं, मी सांगितलं, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला दुसरी मालिका सुरू झाली, तीही अंतराळातलीच. मला बघता येणार नव्हती. सोमवारी सकाळी निघताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, बघाल का? संध्याकाळी सांगा मला."

"सगळं?"

"सगळं. कोण कुठे उभं होतं तेसुद्धा."

संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी आधी चहा मागितला. मग भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून त्या सांगायला लागल्या. पाऊण तासाच्या भागाला त्यांना सव्वा तास लागला. भात करपेल म्हणून मी मध्ये दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा त्या थांबल्या.